टोपऱ्याची नाडी

सगळ्यात आधी जनूकाकांचं नाव घेतो. पूर्णगडकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, संपतो तिथं त्यांची ताडपत्रीची टपरी आहे. नारळ, अगरबत्ती आणि कोकम सरबत विकतात. त्यांचं माझं नातं काही नाही. आम्ही परभणीकडचे, ते समुद्राकाठचे. तरी माझ्या भावाचं डोकं शेवटी ज्या मांडीवर होतं ती मांडी त्यांची, आणि माझी आई आज पुन्हा शिलाई मशीनवर बसते तीही त्यांच्यामुळं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण रत्नागिरीहून आल्यापासून गावात जो तो विचारतो, तिकडं काय बघितलंस? सांगायला लागलो की अर्ध्यात आवाज बसतो. म्हणून एकदाच लिहून काढतो.

गजू माझा धाकटा भाऊ. तो रत्नागिरीकडं चिरेखाणीवर मशीन चालवायचा. तिकडची जमीन म्हणजे तांबडा, भोकाभोकाचा दगड. त्याला जांभा म्हणतात. तो चौकोनी कापला की चिरा, आणि त्याच चिऱ्याची घरं. गजू वर्षातून दोनदा मोटरसायकलवर गावी यायचा. आमच्या गावात हेल्मेट फक्त त्याच्याकडं होतं. आई त्याला टोपरं म्हणायची. तान्ह्या लेकराला थंडीत घालून हनुवटीखाली नाडी बांधतात ना, ते टोपरं. रोज संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. "काय करायलास? टोपरं घातलंस का? नाडी बांधलीस का?" गजू हसायचा. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, पट्टा हनुवटीला काचतो. आईनं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा पट्ट्याला शिवून दिला. आई गावातल्या बायकांची झंपरं शिवते, तिचा टाका देखणा असतो.

दिवाळी करून तो परत गेला आणि थोड्याच दिवसांत गाडी घसरून वारला.

त्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखा फोन लावला होता. टोपरं घातलंस का, असं तिनं विचारलं, आणि पलीकडून परका आवाज आला, "घातलंय बाय, घातलंय." फोन कट झाला. बातमी आम्हाला नंतर कळली. चुलते जाऊन त्याला घेऊन आले. डोक्याला मार होता.

तेव्हापासून आईचं एकच सुरू झालं. टोपरं घातलं होतं, मग डोक्याला लागलं कसं? म्हणजे नाडी सुटली. मी कापड लावलं, पट्टा जाड झाला, नीट बसला नाही, सुटला. माझ्या हातानं गेला. आम्ही किती समजावलं. तिनं मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. बायका कापड घेऊन यायच्या आणि दारातूनच परत जायच्या.

चैत्रात पोलीस ठाण्यातून फोन आला, गाडी घेऊन जा. आई म्हणाली, "गाडी आण. आणि तो फोनवरचा माणूस हुडक. त्यानं बघितलं असंल. नाडी सुटली होती का, एवढंच विचार त्याला."

मी भित्रा माणूस. ट्रक जवळून गेला तरी माझी गाडी रस्त्याखाली उतरते. पण तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

रत्नागिरी

एसटीतून उतरलो तेव्हा अंगातला शर्ट पिळून काढावा असा झाला होता. आमच्याकडं ऊन भाजतं, इथलं उकडतं. स्टँडच्या बाहेर सगळीकडं आंब्याच्या पेट्या आणि त्यांचा गोड वास. गजू सांगायचा तसंच सगळं. प्रत्येक गोष्ट बघितली की वाटायचं, हे त्यानं सांगितलं होतं.

ठाण्याच्या आवारात गाडी चिंचेखाली उभी होती. चेन गंजलेली, सीटवर चिंचेचा पाला. हवालदार बाई पन्नाशीच्या, आवाज करडा, पण बसायला खुर्ची दिली. हेल्मेट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. उजव्या अंगाला एक ओरखडा, बाकी चांगलं. हिरवं कापड जिथल्या तिथं, टाका उसवलेला नाही. पट्ट्याचा खटका उघडा होता.

"डोक्यावर होतं का?" मी विचारलं.

"आम्ही गेलो तेव्हा कडेला पडलेलं होतं. तुमच्या भावाला तोवर कोणीतरी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलेलं."

म्हणजे घातलेलं सुटून पडलं की घातलंच नव्हतं, हे यांनाही सांगता येईना. "नेलं कोणी?"

"नाव नाही आमच्याकडे. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यानं नाव सांगायलाच हवं अशी सक्ती करता येत नाही. पूर्वी लोक पोलिसांच्या भीतीनं हात लावत नसत, बघत उभे राहत. आता निदान उचलून तरी आणतात. तो माणूस डॉक्टरांशी बोलला आणि निघून गेला."

नियम चांगलाच आहे. पण मला त्या वेळी वाटलं, या एका माणसाचं नाव तेवढं घेऊन ठेवायला हवं होतं.

मी किल्ली घेऊन निघालो तर बाईंनी हाक मारली. "कुठे निघालात? विमा संपलाय, पीयूसी नाही, मागचा दिवा फुटलाय. अशी रस्त्यावर काढलीत तर गेटाबाहेर मीच पावती फाडीन. ढकलत न्या. समोर मेकॅनिक आहे."

मी खरंच ढकलत नेली. मेकॅनिकनं ब्रेकचे लायनर बदलले, दिवा बसवला, चेन धुतली. विम्याचं काम शेजारच्या दुकानात झालं. तोवर खाणावळीत जेवायला बसलो. ताटात गुलाबी रंगाची कढी आली. घरच्यासारखी ती भातावर ओतली आणि वर मीठ मागितलं. वाढणारा थबकला. "पाहुणे, ती सोलकढी. प्यायची. भातावर घेतलीत तरी चालेल म्हणा, भात काय तक्रार करतोय." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग आठवलं, गजूनं पहिल्या वर्षी हीच चूक केली होती आणि फोनवर सांगताना हसून हसून त्याला ठसका लागला होता.

भाट्ये आणि वर सड्यावर

दुसऱ्या दिवशी गजूची गाडी, गजूचं हेल्मेट घेऊन निघालो. खाणीवर त्याच्या खोलीत कपड्यांची पेटी राहिली होती ती आणायची होती, आणि वाटेत विचारत जायचं होतं.

भाट्याच्या पुलाच्या अलीकडं गंमत बघितली. गाड्या हळू व्हायच्या, टाकीवरची, कोपरातली हेल्मेटं पटापट डोक्यावर चढायची. पुढं पोलीस उभे होते. पोलिसांना मागं टाकलं की पुन्हा कोपरात. एक मुलगी मागं बसलेल्या मैत्रिणीला म्हणत होती, "तू कशाला घाबरतेस, मागच्याला लागत नाही." लागतं. दोघांनाही लागतं. चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही. मला बोलायचं होतं, पण परक्या गावात परक्या मुलीला काय बोलणार? आणि आमच्या गावात तर एका गाडीवर तिघं आणि दुधाची किटली असते. आम्ही कोणाला शहाणपण शिकवावं?

पुलाच्या एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. किनाऱ्यालगत सुरूची झाडं. मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो हेल्मेटच्या काचेतून, आणि दोन्ही हात हँडलला घट्ट, त्यामुळं नीट बघितलाच नाही.

पुढं चढण लागली आणि पाट्या सुरू झाल्या. पाट्या मला गजूनं शिकवल्या. लायसन काढायचं होतं, कॉम्प्युटरवर चित्रं ओळखायची परीक्षा, आणि माझे हातपाय गार. गजूनं अंगणात काडीनं चित्रं काढली. "दादा, त्रिकोण म्हणजे सांभाळ. गोल म्हणजे हुकूम. चौकोन म्हणजे नुसती माहिती. तुला काय वाचायचं नाही, आकार बघायचा." मी पास झालो तेव्हा पेढे त्यानं वाटले. आता सड्यावर जाणाऱ्या या रस्त्याला त्रिकोणामागून त्रिकोण. डावीकडं वळण, नागमोडी वळण, तीव्र उतार. प्रत्येक पाटीला गजूच्या आवाजात ऐकू यायचं, सांभाळ.

आमच्याकडचे रस्ते सरळ. समोरून येणारी गाडी कितीतरी आधी दिसते, बोलत बोलत जावं. इथं पुढचं काही दिसत नाही. वळणावर हॉर्न द्यायचा, उत्तर येतंय का ऐकायचं, मग पुढं. सड्यावर मात्र एकदम मोकळं. काळपट कातळ, वाळलेलं गवत, मध्येच कलमांच्या बागा आणि चिऱ्यांचे गडगे. गडगा म्हणजे बागेभोवती चिऱ्यावर चिरा रचून केलेली भिंत. पावस गावात चहाला थांबलो, गजूच्या अपघाताचं विचारलं. चहावाला म्हणाला, "पूर्णगडच्या उताराला झाला तो. राखणदाराजवळ विचारा."

राखणदार

उतार सुरू व्हायच्या आधी किंजळाचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी चिऱ्याच्या चौथऱ्यावर एक उभा दगड, शेंदूर नाही, नुसतं फूल. हा वाटेचा राखणदार. खाली उतरणारा प्रत्येक जण थांबतो, डोक्यावरचं काढतो, हात जोडतो. शेजारचा टपरीवाला नारळाचे तुकडे आणि गूळ हातावर ठेवतो. त्याला इकडं शेरणी म्हणतात.

मीही थांबलो. गजूही थांबत असणार. हेल्मेट काढून कोपरात अडकवलं, हात जोडले, शेरणीसाठी हात पुढं केला. टपरीतला म्हातारा, खाकी अर्धी चड्डी आणि खांद्यावर पंचा, हात आखडून उभा.

"आदी डोक्यावर घाल. पट्टा लाव. वाजला की देतंय."

माझ्या पुढं एक जवान पोरगा होता, त्याच गावचा. तो म्हणाला, "काका, देवासमोर टोपी घालून उभं करताव लोकांना. राखणदार रागवंल एक दिवस."

"रागवू दे. त्याचं माझं मी बघून घेईन. तू पट्टा लाव मेल्या, तुझाच अजून लोंबतोय."

पोरानं हसत खटका लावला, शेरणी तिथंच तोंडात टाकली, निघाला. माझी पाळी आली. मी हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला. काका माझ्या हनुवटीकडं बघत राहिले. हिरव्या कापडाकडं. हातातली शेरणी त्यांनी परत ताटलीत ठेवली.

"हे तुला कुठं मिळालं?"

"माझ्या भावाचं आहे."

ते बाकड्यावर बसले. एक गाडी आली, थांबली, त्यांनी नुसती मान हलवली, ती गेली. मग मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात धरून सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, जेवढं आठवतं तेवढं.

"तुझा भाव येताजाता थांबायचा. गुणाचा पोर. त्या दिवशी हेल्मेट काढलंन, पाया पडला. मी शेरणी दिली, जरा जास्तच दिली, म्हटलं घाटावरचा पोर, घरापास्न लांब. तर म्हणाला, हिथं खात नाय, खोलीवरच्या पोरांना वाटतो. पानात घेतली डाव्या हातात. प्रसाद खिशात घालू नये म्हणतात ना. हेल्मेट कोपरात तसंच. मी म्हटलं, डोक्यावर घाल. तो म्हणाला, खाली पोचलो की घालतो काका, हात रिकामा नाय. तिसऱ्या वळणावर चिऱ्याच्या ट्रकमधली खडी सांडलेली. एका हातात शेरणी, ब्रेक मारायला गेला. मला हिथं आवाज आला. धावत गेलो. डोकं गडग्यावर आपटलेलं."

जो चिरा कापून तो आमचं घर चालवायचा, त्याच चिऱ्याच्या भिंतीवर.

"मांडीवर घेतला. टेम्पो आला आंब्याच्या कलमांचा, त्यात घातला. वाटेत फोन वाजला. उचलला तर बाय विचारते, टोपरं घातलंस का? मी काय सांगू तिला? तो हिथं माझ्या मांडीवर. मी म्हटलं, घातलंय बाय. आणि ठेवून दिला. आईला त्या टायमाला खरं कसं सांगायचं? खोटं बोललो. चांगलंच केलं असं वाटलं मला."

मग मी त्यांना आईचं सांगितलं. त्या एका शब्दामुळं ती इतके महिने स्वतःच्या टाक्याला दोष देत बसली आहे, मशीनवर चादर आहे, हे सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाला किती दुखवायचं? पण तोंडातून निघून गेलं.

काकांनी पंचा तोंडावर दाबला. जरा वेळानं म्हणाले, "फोन लाव तिला."

"आत्ता?"

"आत्ता. माझं मला निस्तरू दे."

मी फोन लावला, मोठ्यानं ऐकू येईल असा केला. आईनं उचलला. काका फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलले, लांबचा फोन म्हणून जोरात.

"बाय, मी जनू. रत्नागिरीकडचा. त्या दिवशी तुमचा फोन मी उचललेला."

मग आई म्हणाली, "आवाज वळखला मी. घातलंय म्हणला होता तुम्ही."

"खोटं सांगितलं, बाय. घातलेलं नव्हतं. देवासाठी काढलेलं, कोपरात होतं. हातात प्रसाद होता, घालायचं राहिलं. नाडी सुटली नाय. नाडी बांधलेलीच नव्हती. तुमचा टाका आजून तसाच हाय, माझ्या डोळ्यासमोर हाय."

आई रडली नाही. नंतर तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"जवळ कोण होतं त्याच्या?"

"मी होतो. शेवटापर्यंत मीच होतो. डोकं खाली टेकू दिलं नाय."

"पाणी मागितलं का त्यानं?"

"मागितलं. ओठांना लावलं."

"बरं केलं बाबा," आई म्हणाली. "लई उपकार झाले." आणि मग एकदम मलाच, "तू रे? तू घातलंस का टोपरं?"

मी पट्टा ओढला होता, पण खटका लावायचा राहिला होता. काकांनी फोन माझ्या हनुवटीखाली धरला आणि दुसऱ्या हातानं खटका दाबला. टक्.

"ऐकलं," आई म्हणाली. पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मग काकांनी माझ्या हातावर शेरणी ठेवली. "खा. हिथंच खा." मी खाल्ली. गूळ गोड होता एवढंच आठवतं.

उतरताना

तो उतार मी एकट्यानं उतरलो नसतो. काकांनी टपरीला ताडपत्री ओढली आणि आपली जुनी स्कूटर काढली. त्यांच्या डोक्यावर लालभडक हेल्मेट, वर नातवानं वाघ चिकटवलेला. ते पुढं, मी मागं. निघण्याआधी बजावलं. "गाडी न्यूट्रल करायची नाय, पेट्रोल वाचवायला जाताव नि जीव घालवताव. दुसऱ्या गिअरात ठेव, इंजिनाला धरू दे. ब्रेक दाबून ठेवू नको. वळणावर कुणाला मागं टाकायचं नाय. आणि खालनं चढणारा आला तर त्याला आदी वाट." मी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून ऐकून घेतलं. थोडं मोकळं व्हावं म्हणून की काय, ते वळून म्हणाले, "घाटावरचे म्हणवताव नि घाटाला भिताव होय रे?"

तिसऱ्या वळणावर ते थांबले. सांडलेली खडी चपलेनं कडेला सारली. त्यांच्या वागण्यावरून दिसलं, हे ते रोज करतात. गडग्याचे दोन चिरे नवे होते, बाकीच्यांहून लालसर. मी त्याला हात लावला, उन्हानं तापलेला होता. खाली खाडी दिसत होती, पूर्णगडचा छोटा किल्ला आणि होड्या. गजू म्हणायचा, सुट्टीच्या दिवशी मी तिथं बसून तुम्हाला फोन करतो.

खोलीवरून पेटी घेतली. खाणीवरच्या पोरांनी तांदळाची भाकरी आणि चटणी खायला घातली. परत येताना काका भाट्याच्या पुलापर्यंत सोडायला आले, त्या वयात, त्या उन्हात. पुढं गाडी रेल्वेच्या पार्सलनं पाठवली आणि मी एसटीनं आलो. एवढा लांबचा घाट एकट्यानं चढायची माझी हिंमत नाही, हे काकांना आधीच कळलं होतं. तो सल्लाही त्यांचाच.

घरी आलो तर आईनं आधी हेल्मेट मांडीवर घेतलं. हिरव्या कापडावरून बोट फिरवलं, टाका टाका चाचपला. दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर निघाली होती. तिनं उरलेल्या लुगड्याचा आणखी एक तुकडा कापला, तसाच, तेवढाच. "जनूभाऊंच्या टोपऱ्याला," म्हणाली. "लाल हाय म्हणतोस ना? हिरवं चालंल."

तो तुकडा मी जपून ठेवला आहे. जनूकाका कधी घाट चढून वर आलेले नाहीत, त्यांनीच सांगितलं. माझा शब्द आहे, ज्वारी हुरड्याला येईल तेव्हा मी त्यांना आणायला जाणार. आमच्या सरळ रस्त्यावर गजूच्याच गाडीवर मागं बसवून फिरवणार, दोघांच्या डोक्यावर टोपरं, त्यांच्या हनुवटीखालची नाडी आई स्वतः बांधणार. आणि खटका वाजल्याशिवाय मी किक मारणार नाही.